दोनशे तिसरी फॅमिली

साल १९८२. गौरी-गणपतीची सुट्टी संपवून मी आटपाडीहून परतलो होतो. कोल्हापुरात पाऊस असा, की राजारामपुरीच्या गल्लीत घोट्याएवढं पाणी. डोक्यावर घोंगडीची खोळ, एका हातात चपला, दुसऱ्या हातात गवताचा भारा, अशा अवतारात मी सरांच्या दारात उभा राहिलो. एम.एस्सी.ला प्रवेश घेऊन दोन महिनेही झाले नव्हते. दार काकूंनी उघडलं. त्यांनी आधी भाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत तोंड करून म्हणाल्या, "अहो, तुमच्या फॅमिलीतलं कोणीतरी आलंय."

"नाही, नाही, मी आटपाडीचा," मी घाईघाईनं सांगितलं. आतून सरांचं हसू ऐकू आलं.

जे वनस्पतिशास्त्र शिकलेले नाहीत त्यांना हा विनोद उलगडून सांगायला हवा. आमच्या विषयात फॅमिली म्हणजे कुल. जॉर्ज बेंथम आणि जोसेफ हूकर या दोन इंग्रजांनी १८६२ ते १८८३ एवढा काळ खपून सबीज वनस्पतींची जी मांडणी छापली, तिच्यात कुलं २०२ आहेत असं आम्हाला शिकवत. बी.एस्सी.च्या पोरांना ती घोकावी लागत. त्या मांडणीत सगळ्यांत शेवटी बसलेलं कुल गवताचं. सर गवतवाले. घरात उठता-बसता 'याची फॅमिली कुठली, त्याची फॅमिली कुठली' हेच कानावर पडायचं, तेव्हा काकूंनी आपला हिशेब मांडून ठेवला होता. "यांच्या दोनशे दोन फॅमिल्या. शेवटची गवताची. तिच्यामागं माझा नंबर. मी दोनशे तिसरी." पाहुण्यारावळ्यांसमोरही म्हणायच्या. सर त्यावर काही बोलत नसत, चष्मा काढून पुसत बसत.

भाऱ्याची गोष्ट अशी. सुट्टीआधी सरांनी वर्गात सांगितलं होतं, "गावाकडं जाताय तर येताना बांधावरचं गवत आणा. मुळासकट आणि तुऱ्यासकट." आम्ही अठरा जण. आणणारा मी एकटा निघालो, तोही आईमुळे. मी चार काड्या वहीत घालून निघालो होतो. आईनं त्या बघितल्या आणि म्हणाली, "आरं, एवढ्यानं मास्तरांच्या गाईचं काय व्हनार?" मास्तरांनी गवत मागवलंय म्हणजे त्यांच्या दारात गाय असणारच, असा तिचा सरळ हिशेब. तिनं बांध फिरून मारवेल वेगळी, पवन्या वेगळा, कुसळ वेगळं अशा पेंढ्या बांधून दिल्या. एस.टी.च्या टपावरून तो भारा कोल्हापूरला आला.

सरांनी तो ओसरीत पसरला. मी पाठ केलेली लॅटिन नावं सांगायला लागलो, त्यातली निम्मी चुकीची. सर म्हणाले, "ती राहू देत. घरची नावं सांग." मग एकेक पेंढी पुढं घेत राहिले आणि मी आईचं ऐकलेलं बोलत राहिलो. मारवेल दुभत्या जनावराला. कुसळ कोवळं आहे तोवरच मेंढरू खातं, कूस धरली की तोंडाला टोचतं, लोकरीत शिरतं, कातड्यापर्यंत जातं. सर लिहून घेत होते. शेवटी विचारलं, "हे सगळं गोळा कोणी केलं?" मी म्हणालो, आईनं. "मग गोळा करणारी म्हणून तिचंच नाव घालायला हवं. पूर्ण नाव सांग." मला लाज वाटली. अंगठा उठवणारी बाई ती. मी नाव सांगितलं ते अर्धवट पुटपुटत. सरांनी ते दोनदा विचारून शुद्ध लिहून घेतलं.

मग त्यांनी माझ्या घोंगडीत अडकलेलं मागल्या सालचं वाळकं कुसळ चिमटीनं काढलं, तळहातावर दोन थेंब पाणी घेतलं आणि त्यावर ठेवलं. कुसळ पीळ सोडत गोल फिरायला लागलं. मला त्यात नवल काही नव्हतं. आम्ही पोरं मेंढरांमागं हिंडताना थुंकी लावून हाच खेळ करत असू. पण सर म्हणाले, "हे बी पेरायचं यंत्र आहे. ओल मिळाली की फिरतं, सुकलं की उलटं फिरतं, असं करत बी जमिनीत जातं. याचं नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. कॉन्टॉर्टस म्हणजे पीळदार. नाव ठेवणाऱ्यानं तुझ्या आईनं पाहिलं तेच पाहिलं."

आता हे वाचून वाटेल, की सर वर्गात काय रंगून शिकवत असतील. तर तसं नव्हतं. वर्गात सर कंटाळा आणत. फळ्याकडं तोंड करून बोलत, आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे. उपकुलं, गण, उपगण यांची जंत्री एका सुरात म्हणत जायचे. त्यांच्या तासाला मी झोपलेलोही आहे. शिवाजी विद्यापीठ तेव्हा जेमतेम विशीचं होतं. १९६२ साली सुरू झालं तेव्हा सागरमाळावर सावलीला झाड शोधावं लागे, असं जुने लोक सांगत. इतर मंडळी त्या उजाडपणाबद्दल हळहळत. सर मात्र खूश असायचे, कारण माळ म्हणजे गवत. चार भिंतींतून बाहेर त्या माळावर आले, गुडघे टेकून बसले, की हा वेगळाच माणूस. गवताचं पान खोडापासून सोडवून तिथली इवलीशी जिभली दाखवत, भिंगाखाली कणीस उकलत. जिभेवर ब्लाटर आणि मॅक्कॅन. त्या दोघांचं 'द बॉम्बे ग्रासेस' १९३५चं. त्यातले फादर ब्लाटर पुस्तक छापून येण्याआधीच, १९३४ला वारले, हे सांगताना सर दर वेळी क्षणभर थांबत. विद्यार्थिदशेत पुस्तक परवडत नव्हतं म्हणून त्यांनी त्यातला ओळखतक्त्यांचा सगळा भाग दोनशेपानी वह्यांत हातानं उतरवला होता. त्या वह्या घरी देवघराच्या फडताळात असत.

याच माळावर त्यांनी मला दिलेली एक गोष्ट सांगतो. मी दसरा चौकातल्या बोर्डिंगात राहत होतो. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातीची बोर्डिंगं उभी राहिली. माझ्यासारखी कितीतरी पोरं त्या छपरांखाली शिकली. पण वर्गात शिरोळ-कागलकडची पोरं होती, उसाच्या पट्ट्यातली. घरात मोटारसायकल, अंगात टेरिकॉट. आमची मेंढरं दर साली दिवाळीनंतर त्यांच्याच शेतात बसायची, खतासाठी. त्याबदल्यात मिळालेल्या ज्वारीवर आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट हिंडणारा आमचा तळ, जगायचा. एकदा एकानं ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. सर जवळच खाली बसून काहीतरी उपटत होते. मान वर न करता म्हणाले, "ऊस, ज्वारी, मारवेल आणि कुसळ, चौघं एकाच गणातले. अँड्रोपोगोनी. एकाला पाटाचं पाणी मिळालं, एकाला नाही, एवढाच फरक." एवढं बोलून पुन्हा उपटायला लागले. बोलणारा गप्प झाला. माझी मान ताठ झाली ती त्या दिवशी.

पण मला सांगायचं आहे ते सरांच्या घराविषयी. कारण मी शिकलो ते विभागात थोडं, त्या घरात जास्त. विभागातल्या प्रेसा पावसाळ्यात पुरायच्या नाहीत. दोन लाकडी जाळ्या, मधे कागदांत वनस्पती, वरून पट्टे आवळलेले, ही प्रेस. जमवलेलं गवत त्यात दाबून वाळवायचं, पहिले काही दिवस रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. कोल्हापूरच्या पावसात कागदच वाळत नाहीत. म्हणून सर ओझी घरी आणत. पलंगाच्या गादीखाली गवत, पाट्याखाली गवत, लोखंडी ट्रंकेखाली गवत. ओले कागद इस्त्रीनं सुकवायचं काम सरांच्या मुलीकडं, ती तेव्हा दुसरीत होती. धाकटा मुलगा रांगता-चालता, त्याच्याकडं सुकलेल्या कागदांवर बसायचं काम. कागद म्हणजे 'पुढारी'चे जुने अंक. सरांची आई म्हणायची, "अख्ख्या कोल्हापुरात पुढारी दोन्ही बाजूंनी नीट वाचला जातो तो आमच्या घरी, आणि तोही गवताकडून."

वाळलेलं कणीस चाकूखाली फुटतं, म्हणून ते उकळत्या पाण्यात मऊ करून घ्यावं लागतं. सर ते चहाच्या पातेल्यात उकळत. यावरून घरात जी भांडणं व्हायची ती मी पाहिली आहेत. शेवटी काकूंनी पातेल्याच्या कानाला लाल दोरा बांधला, तो गवताचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. एका गोष्टीत मात्र सर कडक. नमुन्यांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइडचं जे द्रावण लावत, ते जहर. ती बाटली त्यांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिली नाही. ते काम विभागातच, आणि घरी आल्यावर मोरीत तीन-तीनदा हात धुतल्याशिवाय पोरांना जवळ घेत नसत.

१९८३च्या दिवाळीनंतर काकूंची बोटं सुजायला लागली. संधिवात. आधी सकाळचे दोन तास, मग दिवसभर. वर्षाच्या आत त्यांना साडीची निरी धरवेना, पोरीची वेणी घालता येईना. सरांची आई थकलेली. त्या दिवसांत एकदा मी सकाळी सातला गेलो, तर सर स्वयंपाकघरात परातीपुढं बसलेले, कोपरापर्यंत पीठ, आणि तव्यावर जी भाकरी होती तिला भारताचा नकाशा म्हणता आलं असतं, काठियावाडासकट. मला हसू आवरेना. सर रागावले नाहीत. म्हणाले, "तुटतेय रे. थापली की तुटते."

वाड्याबरोबर हिंडताना आमच्यात गडीमाणसंही भाकरी करतात. मी बाह्या सरसावल्या. पीठ हातात घेऊन बघितलं, जुनं होतं, विरी गेलेली. उकळतं पाणी घालून उकड काढली, तळहाताच्या टाचेनं रगडून मळलं आणि थापून दाखवली. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात, पाणी आटायच्या आत उलटायची. निखाऱ्यावर ती फुगली तेव्हा सरांनी भिंगाखाली नवं कणीस बघावं तसं वाकून पाहिलं. महिनाभर मी रोज सकाळी दसरा चौकातून सायकल हाणत राजारामपुरीत जायचो आणि सरांना भाकरी शिकवायचो. ते शिकण्यात मंद होते. सगळ्या भाकऱ्या त्यांच्या कधीच फुगल्या नाहीत. पण पुढं कोणी आलं, की माझी ओळख करून देताना म्हणत, "हा माझा गुरू." येणाऱ्याला वाटे, सर थट्टा करताहेत.

त्यांचा दिवस मग असा ठरून गेला. पहाटे उठून पाणी, भाकरी, मुलीच्या दोन वेण्या, लाल रिबिनीची फुलं, डबे. साडेदहाला विभाग. साडेपाचला कसलीही बैठक असो, सर उठत. मंडईतून भाजी घेऊन घरी. काकूंच्या हातांना तेल चोळायचं, रात्रीचं बघायचं, मग दहानंतर टेबलाच्या दिव्याखाली गवत. मोठी पदं दाराशी येऊन गेली, सरांनी घेतली नाहीत. सहकारी त्यांना मागं 'गृहकृत्यदक्ष' म्हणत. लग्नाच्या जाहिरातीतला शब्द. आम्ही पोरंही हसलो आहोत त्यावर. मी तर त्यांच्या घरची भाकरी खाऊन हसलो आहे.

१९८५ला सरांना एक संशोधन प्रकल्प मिळाला, आणि मला त्यात फेलोशिप. घाटमाथ्यावरची गवतं: राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, आंबोली. पाठीला पिशवी, हातात खुरपं, खिशात भिंग. सरांची एकच अट, मुक्काम करायचा नाही. शेवटच्या एस.टी.नं घरी पोचायचं. रात्री काकूंना कूस बदलायलासुद्धा हात द्यावा लागे. त्यामुळे आम्ही जे गवत शोधलं ते एस.टी.च्या वेळापत्रकात बसणारं. पुढचं पठार समोर दिसत असायचं, सर घड्याळ बघायचे आणि आम्ही उतरायला लागायचो. मी आतल्या आत धुमसत असे.

तीन वर्षं सरत आली तेव्हा प्रकल्प वाढवून द्यायची तयारी वरून दिसली. गोवा आणि उत्तर कर्नाटक घ्यायचं, म्हणजे महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेर. माझी पीएच.डी. त्यावर अवलंबून होती, घरी पाठवायचे पैसेही. १९८८च्या श्रावणात सरांनी नकार कळवला. मला विभागात बोलावून सांगितलं, "जमणार नाही रे. दोनशे तिसरीचं काम वाढलंय. ते आधी."

काकूंचा विनोद मी सरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तो असा. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "मग सर, आम्हाला घरात घेतलंत कशाला?" सर काही बोलले नाहीत. मी सायकल काढली आणि निघालो.

पुढची सव्वादोन वर्षं मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो, पगार कधी तीन महिन्यांनी, कधी सहा. लग्न झालं, सरांना पत्रिका पाठवली नाही. माझ्या हिशेबात सर माझे देणेकरी होते. माझी दोन वर्षं त्यांनी बुडवली होती. माझे नमुने त्यांच्याच घरी, लेबलं न लावलेले. लेबल नसलेला नमुना म्हणजे नुसतं वाळकं गवत. कुठं मिळाला, कधी, किती उंचीवर, कोणी गोळा केला, क्रमांक काय, हे चिकटवलं तर तो पुरावा. ते काम वर्षभराचं होतं, आणि ते आता कधी व्हायचं नाही असं धरून मी चाललो होतो.

१९९०च्या डिसेंबरात एस.टी. पार्सलनं पाच गठ्ठे आले. जुन्या नऊवारीत बांधलेले. आत माझे ६१२ नमुने, जाड कागदावर शिवून, चिकटवून, लेबलं लावून. वर सरांची चिठ्ठी, दोन ओळींची: लेबलं झाली, पडताळून घे. ४१७बद्दल मला शंका आहे. बाकी काही नाही. कसा आहेस तेसुद्धा नाही.

मी रात्री कंदील घेऊन बसलो, वीज नेहमीप्रमाणे गेली होती. लेबलं चार अक्षरांत होती. सरांचं तिरकं अक्षर मला ठाऊक होतं. दुसरं गोल, टपोरं, ते मुलीचं. ती तेव्हा दहावीला होती. दहावीच्या वर्षात तिनं माझी दीडेकशे लेबलं लिहिली होती. तिसऱ्यात शाईचे डाग, आणि गगनबावड्याचं स्पेलिंग चार ठिकाणी चार प्रकारचं, तो धाकटा. चौथं अक्षर मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मोठं, थरथरतं, ओळ सोडून खाली घसरणारं. एकेक लेबल लिहायला अर्धा तास लागला असेल असं. ती लेबलं मोजून छत्तीस होती. कुसळाच्या पहिल्या नमुन्यावर, १९८२च्या, आटपाडीच्या, तेच थरथरतं अक्षर होतं, आणि गोळा करणाऱ्याच्या जागी माझ्या आईचं नाव, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट. वाकड्या झालेल्या बोटांनी काकूंनी ते स्वतः लिहायला घेतलं होतं.

मी आईला उठवलं आणि कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. गवत तेवढं ओळखलं. म्हणाली, "ह्ये आपल्या वरल्या बांधाचं." आणि मग, "त्येंनी गाईला घातलंच न्हाई व्हय?"

पुढल्या रविवारी कोल्हापूर गाठलं. माफी मागायची असं ठरवून निघालो होतो, वाक्यंही जुळवली होती. दार मुलीनं उघडलं. आत काकू आरामखुर्चीत, पायावर शाल. माझ्याकडे पाहून इतकंच म्हणाल्या, "आलास? आधी भाकरीचं बघ. यांची अजून फुगत नाही." मी आत गेलो. सर परातीपुढून उठले, मला जागा दिली. जुळवलेली वाक्यं तशीच राहिली, आजही राहिलेलीच आहेत.

४१७बद्दलची शंका खरी ठरली. मी ओळखण्यात चूक केली होती. ती दुरुस्त करताना एक अख्खं प्रकरण नव्यानं लिहावं लागलं आणि त्यात दुसरं वर्ष गेलं. १९९४ साली मला पीएच.डी. मिळाली. सर १९९६ला निवृत्त झाले आणि २०११ला गेले, झोपेत, काकूंच्या आधी. त्यांनी हे कधी हिशेबात धरलं नव्हतं.

शोकसभेत जो-तो उठला तो हेच बोलला, की सरांना घर नसतं तर ते कुठल्या कुठं पोचले असते. मलाही पूर्वी असंच वाटायचं. हे खरं आहे, की सरांनी एकही नवी जाती शोधली नाही, त्यांच्या नावानं कुठलं गवत ओळखलं जात नाही, निबंधांची संख्या आजच्या नियमांत बसवली तर त्यांना बढती मिळणार नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर नवनव्या गवतांचे शोध इतरांनी लावले, आणि त्यातलं एखादं आम्ही एस.टी. गाठायच्या घाईत तुडवून आलो असू, तर तेही शक्य आहे. पण ते घर नसतं तर माझं काय झालं असतं, हे त्या सभेत कोणी विचारलं नाही. माझ्यासारखी आणखी सात-आठ पोरं त्या ओसरीत जेवली, तिथं त्यांचे कागद वाळले, कणसं उकळली. आमच्यासाठी लागणारा वेळ सर विभागातून आणत नव्हते. तो त्या पोरांच्या वाट्यातला होता, त्या बाईच्या दुखण्यातला होता. मी सरांचं ऋण मानत आलो, आणि ते मोजायला बसलो तर सावकार चार निघाले. त्यातल्या दोघांना तेव्हा नीट दाढा आल्या नव्हत्या.

आणखी एक कबूल करतो. त्या घरातून मी गवत उचललं, भाकरी तिथंच ठेवून आलो. माझ्या नावावर निबंध सरांपेक्षा जास्त आहेत. परिषदा, समित्या, दौरे. माझा मुलगा टायफॉइडनं आजारी होता तेव्हा मी सेमिनारला होतो. बायको ते अजून बोलून दाखवते, आणि दाखवावंच. सरांची मुलगी आज प्राध्यापक आहे, सांख्यिकीची. साडेपाचला ती उठते. तिला कोणी शिकवलं नाही.

काकू आता ब्याऐंशीच्या आहेत. डोळे अधू, कान तीक्ष्ण. निवृत्तीनंतर मी दर वर्षी नवरात्राच्या आसपास कोल्हापूरला जातो. नवी ज्वारी हाती आलेली नसते, म्हणून जुनीच दळून नेतो, आणि वाटेत दिसेल ते गवत. यंदा सागरमाळाच्या कडेनं गेलो. तिथं आता गर्द झाडी आहे आणि तिच्या सावलीत गवत कमी झालंय. तरी कुंपणालगत थोडी मारवेल सापडली. काकूंनी ती हातात घेतली, नाकाशी नेली, बोटं मिटत नाहीत म्हणून दोन्ही तळव्यांत धरली.

"फॅमिली?" त्यांनी विचारलं.

"गवताचीच, काकू."

"मग माझ्या आधीची."

त्यांनी ती सरांच्या फोटोपुढं ठेवायला सांगितली. पीठ जुनं होतं, विरी गेलेली. उकड काढून घेतली. पाच भाकरी केल्या, चार फुगल्या.